कडक भाकरी आणि शेंगा चटणी: चूल न पेटवता दिवसभराचा डबा

चांगली शेंगा चटणी चिमूटभर घेऊन मुठीत दाबली की तिचा मुटका होतो, आणि बोटानं टोकरलं की तो लगेच फुटतो. हाताला तेलाचा ओशटपणा लागतो, पण तेल ओघळत नाही. सोलापुरात चटणी घेताना दुकानदाराकडं नमुना मागून एवढी एकच परीक्षा केली, तरी निम्मं काम होतं. मुटकाच होत नसेल तर ती दळलेली आहे किंवा जुनी होऊन सुकलेली आहे. मुटका झाला आणि फुटतच नसेल तर ती मिक्सरमध्ये जास्त फिरून लगदा झालेली आहे.

सोलापूरच्या आसपास नान्नजचं माळरान, हिप्परग्याचा तलाव, हत्तरसंग कुडलचा संगम, नळदुर्गचा किल्ला अशा ठिकाणी दिवसभरासाठी निघायचं असेल, तर सकाळी सहाला ओट्यापाशी उभं राहण्याची गरज नाही. आपल्या बाजारात मिळणाऱ्या कोरड्या मालावर दिवसाचं खाणं निघतं, आणि नीट निघतं. नान्नजसारख्या गवताळ माळावर थंडी-उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, तिथं काडी ओढण्याचा विचारही करू नये. त्यामुळं शेगडी नको असलेलं खाणं तिथं सोयीचं तर आहेच, योग्यही तेच आहे. पण डब्याची चव सगळी दोन वस्तूंवर अवलंबून असते: शेंगा चटणी आणि कडक भाकरी. म्हणून आधी या दोन्हींचं परीक्षण, मग त्यांच्यापासून काय काय जमतं ते.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. उखळात मुसळाचा घाव बसतो तेव्हा दाणा चिरडला जातो, तेल हळूहळू सुटतं आणि ते तिखट, मीठ, जिरं, लसूण यांना धरून ठेवतं. वरून थेंबभर तेल न घालता चटणी ओलसर दिसते ती यामुळं. मिक्सरचं पातं दाणा चिरडत नाही, कापतं. थोडं फिरवलं तर कोरडा भुगा होतो, त्यात तिखट वेगळं आणि दाणा वेगळा लागतो. जास्त फिरवलं तर पातं तापतं, तेल एकदम सुटतं आणि गोळा बसतो.

बाजारात चटणीचे तीन प्रकार शेजारी शेजारी मिळतात. उखळात हातानं कुटलेली चटणी पहिल्या नंबरची, यात वाद नाही. तिच्यात बारीक कूट आणि मोहरीएवढे दाण्याचे कण दोन्ही असतात, चावताना ते कण दाताखाली येतात. डंकावर, म्हणजे कांडप यंत्रावर, कांडलेली चटणी तिच्या खालोखाल. डंकही घावच घालतो, म्हणून तेल सुटतं, फक्त पोत सगळीकडं एकसारखा बारीक येतो. सहलीसाठी ती अगदी चालते, आणि सहसा स्वस्तही पडते. मिक्सरवरची चटणी आम्ही डब्यासाठी सुचवणार नाही. भाकरीबरोबर ती घशाशी कोरडी लागते, आणि चुऱ्यात घातली तर तळाला जाऊन बसते.

घेताना चार गोष्टी बघा. पहिली म्हणजे खवट वास. पुडी उघडून नाकाशी धरली की भाजक्या दाण्याचा आणि लसणाचा वास आला पाहिजे. जुन्या खोबऱ्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास येत असेल तर तेल खराब झालेलं आहे, ते कितीही लसूण घातला तरी लपत नाही. हवा, ऊन आणि उष्णता या तिघांनी दाण्याचं तेल खवट होतं. म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात, उन्हात लटकवलेल्या पारदर्शक पुड्या घेऊच नका, आतल्या फळीवरची मागा. ‘कधीपर्यंत चांगली’ यापेक्षा ‘कधी भरली’ ही तारीख महत्त्वाची. पंधरा दिवसांच्या आतली मिळाली तर उत्तम.

दुसरी गोष्ट डाळ्याची. दाणे महाग झाले की काही चटण्यांत डाळ्याचं पीठ मिसळलेलं सापडतं. खायला ते वाईट नाही, पण दाण्याच्या भावात डाळं कशाला घ्यायचं? ओळखायची खूण सोपी आहे: चटणी जिभेवर ठेवून टाळूला दाबा. निव्वळ दाण्याची असेल तर विरघळल्यासारखी सरकते, डाळं असेल तर टाळूला पिठूळ चिकटते. भावावरूनही कळतं. भाजून, साल काढून, कुटून, मसाला घालून तयार झालेली चटणी कच्च्या दाण्याच्या भावात मिळत असेल, तर तिच्यात काहीतरी दुसरं आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट कडवट दाणा. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशी धरलेला एखादा दाणा कुटला गेला तर पूर्ण घास कडू लागतो. असा घास गिळू नका, थुंका. बुरशीच्या दाण्यातलं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. आणि चौथी गोष्ट, जिच्याबद्दल आमची खरी तक्रार आहे, ती पॅकिंगची. प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड दुमडून स्टेपलरची पिन मारलेल्या पुड्या अजूनही विकल्या जातात. प्रवासात, अंधारात, लहान मुलाच्या हातून ती पुडी ओढून उघडली गेली की पिन थेट चटणीत पडते, आणि लाल-तपकिरी कुटात ती दिसत नाही. उष्णतेनं सील केलेली पिशवी किंवा बरणीच घ्या. सुटी घेणार असाल तर घरून स्टीलचा डबा घेऊन जा.

रंगावर जाऊ नका. भडक लाल म्हणजे तिखट असं नाही, रंग मिरचीच्या जातीवर असतो. शेंगा चटणीचा स्वाभाविक रंग विटकरीकडं झुकणारा तपकिरी असतो.

माणशी किती लागते? एका वेळेला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम. दोन वेळच्या खाण्याला सहा जणांत पाव किलो पुरते.

घरी करायची असेल तरी चूल लागत नाही, कारण भाजण्याचं काम भट्टीवाल्यानं केलेलं असतं. खारे नव्हे, साधे भाजलेले दाणे पाव किलो आणा, दोन्ही तळव्यांत चोळून सालं पाखडा. लसणाच्या १२ ते १५ पाकळ्या, एक चमचा जिरं, दीड चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे लाल तिखट आधी खलबत्त्यात एकजीव करून घ्या. मग दाणे मूठ-मूठ घालत कुटा. सगळे दाणे एकदम ओतले तर बत्ता वरच्यावर उसळतो आणि खालचा मसाला तसाच राहतो. खलबत्ता नसेल आणि मिक्सरच वापरायचा असेल तर तो दोन-दोन सेकंदच फिरवा, असं आठ-दहा वेळा, मध्ये भांडं हलवून. नंतर परातीत काढून तळहातानं पाच मिनिटं रगडा. उखळाची सर येत नाही, पण तेल सुटतं आणि मसाला धरतो. कच्च्या लसणात पाणी असतं, म्हणून ही घरची चटणी आठवडाभरात संपवायची. विकतची जास्त टिकते ती लसूण सुकवून किंवा भाजून घातला असेल तर.

आता भाकरी. कडक भाकरी म्हणजे वाळलेली शिळी भाकरी नव्हे, हा गैरसमज बाहेरगावच्या पाहुण्यांचा असतो. ती मुळातच पातळ केली जाते, तव्यावर भाजून मग मंद आचेवर, कपड्यानं दाबत, आतलं पाणी पूर्ण जाईपर्यंत कडक करतात. पाणीच उरत नाही म्हणून बुरशी धरत नाही, आणि नीट ठेवली तर बरेच दिवस टिकते.

ज्वारीची की बाजरीची? लांबच्या मुदतीला ज्वारीची. आपल्या भागातली रब्बीची मालदांडी ज्वारी, त्यातही मंगळवेढ्याची जिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तिची भाकरी पांढरी, चवीला गोडसर आणि पातळ होते. बाजरीत स्निग्धांश ज्वारीपेक्षा जास्त असतो, त्यामुळं तिचं पीठ लवकर कडवट होतं, आणि तो कडवटपणा भाकरीतही उतरतो. बाजरीची कडक भाकरी थंडीतच घ्या, तीळ लावलेली मिळाली तर सोडू नका, पण आठ दिवसांत संपवा. पुडी हातात घेतल्यावर एक तुकडा मोडून जिभेवर ठेवायला मागा. शेवटी जिभेच्या मुळाशी कडू चव राहिली तर पीठ जुनं होतं.

भाकरी मोडताना आवाजाकडं लक्ष द्या. पापडासारखा स्वच्छ ‘कट्’ आवाज आला पाहिजे. वाकून मग तुटत असेल तर तिनं हवा धरलेली आहे. पावसाळ्यात हे हमखास होतं. यावरही चुलीची गरज नाही: सोलापूरचं ऊन आहे. स्वच्छ कपड्यावर एकेक पसरून दुपारच्या उन्हात वीस मिनिटं ठेवा, पुन्हा कडक होते. बघायची आणखी एक जागा म्हणजे मधला भाग. कडा कुरकुरीत आणि मध्यभागी जाडसर, दाताला चिवट लागणारी भाकरी घाईत केलेली असते. तीच सगळ्यात आधी वास मारायला लागते. तपकिरी ठिपके चालतील, काळे डाग नकोत.

नेताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. सपाट स्टीलच्या डब्यात सुती फडकं घालून उभ्या नव्हे, आडव्या ठेवा आणि वरची मोकळी जागा फडक्यानं भरा. डब्यात हलायला जागा राहिली की नळदुर्गला पोचेपर्यंत अर्धा डबा भुगा होतो. भुगा झाला तरी वाया जात नाही, त्याचाच चुरा करायचा.

भाकरीचा चुरा हा या डब्याचा राजा आहे. माणशी दीड कडक भाकरी धरा. नखाएवढे तुकडे करा, पूड करू नका. आधी त्यावर दोन चमचे कच्चं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल घालून हातानं चोळा. मग दोन मोठे चमचे चटणी. त्यानंतर बारीक चिरलेला एक मध्यम कांदा, मूठभर कोथिंबीर, वरून अर्धं लिंबू. हा क्रम बदलू नका. तेल आधी लागलं की तुकड्यांवर पातळ थर बसतो आणि कांद्याचं पाणी आत शिरायला वेळ लागतो. कांदा आधी घातला तर पाच मिनिटांत चुरा गिचका होतो. चटणीत मीठ असतंच, काही भाकऱ्यांतही असतं, म्हणून वेगळं मीठ चाखल्याशिवाय घालायचं नाही. कालवल्यावर तीन-चार मिनिटं थांबून खा. तेवढ्यात चटणीचं तेल भाकरीला लागतं आणि कुरकुरीतपणाही राहतो. पंधरा मिनिटांनी तो गेलेला असतो. त्यामुळं एकदम सगळ्यांचा चुरा कालवून ठेवू नका, दोन-दोन ताटांचा करा.

कांदा घरून चिरून नेऊ नका. बंद डब्यात चिरलेल्या कांद्याला दोन तासांत पाणी सुटतं आणि उग्र वास येतो. अख्खे कांदे, चिरायला एक छोटी फळी आणि सुरी, एवढंच ओझं.

दही घालून केलेला चुरा वेगळ्या जातीचा आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना बरा, कारण कडक भाकरी दातांना खरंच कडक असते. एका भाकरीला अर्धी वाटी दही आणि तेवढंच पाणी, दहा मिनिटं भिजत ठेवायचं, मग चटणी. पण उन्हाळ्यात दही सकाळी अकराच्या आत संपवा. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा चाळिशी ओलांडतो, गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. दुपारपर्यंत ते दही फसफसून डब्याचं झाकण उचलतं. दुपारी हवंच असेल तर आदल्या रात्री फडक्यात टांगून पाणी काढलेलं घट्ट दही बर्फाच्या पिशवीसोबत न्या.

चुरमुऱ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १०० ग्रॅम चुरमुरे, ५० ग्रॅम डाळं, तीन मोठे चमचे शेंगा चटणी, एक मोठा चमचा कच्चं तेल. तेल आणि चटणी आधी वाटीत कालवून मग चुरमुऱ्यांना लावा, नाहीतर चटणी तळाला राहते. मऊ पडलेले चुरमुरे आधी उन्हात अर्धा तास ठेवा. कांदा-लिंबू खायच्या वेळेलाच.

गोडाचं मात्र नीट समजून घ्या, कारण बिघडतं ते इथंच. शेंगदाण्याचा न शिजवलेला लाडू म्हणजे पाव किलो भाजलेले, सोललेले दाणे आणि १६० ग्रॅम गूळ, बाकी चिमूटभर वेलची आणि मीठ. गुळाची निवड महत्त्वाची: अंगठ्यानं दाबला तर खड्डा पडेल असा मऊ गूळ हवा. टणक गूळ आचेशिवाय दाण्यात मिसळत नाही, त्याचे खडे राहतात आणि लाडू त्या खड्यापाशीच फुटतो. चिक्कीचा गूळ चिवट, तो नको. गुळाची कोरडी पावडर तर अजिबात धरत नाही. गूळ किसणीवर किसून घ्या. दाण्यांपैकी तीन भाग जाडसर कुटा, चौथा भाग तेल सुटून ओलसर होईपर्यंत बारीक. हा चौथा भागच चिकटवण्याचं काम करतो. सगळं एकत्र कुटून किंवा रगडून मूठ दाबून बघा, आणि वळा. साधारण पंधरा लाडू होतात.

लाडू फुटत असेल तर मिश्रण कमी कुटलं गेलंय, दोन मिनिटं आणखी रगडा. फार तर एक चमचा तूप घाला. पाणी किंवा दूध शिंपडून वळू नका. त्या वेळेला लाडू छान बसतो, पण उन्हात संध्याकाळपर्यंत आंबूस होतो. मे महिन्यात या लाडवांना वरून तेलकट घाम येतो, तो दोष नाही. एकावर एक न रचता एका थरात ठेवा म्हणजे दबत नाहीत.

डाळ्याचे लाडू थंडीतच करावेत. पंढरपुरी डाळं २५० ग्रॅम दळून चाळा, जाड कण राहिला तर घशात अडकतो. १५० ग्रॅम पिठीसाखर, ११० ते १२५ ग्रॅम साजूक तूप. तूप पातळ करायला गॅस नको, वाटी अर्धा तास उन्हात ठेवली की पुरे. हा लाडू तुपावर उभा असतो, म्हणून उन्हाळ्यात तो डब्यातच बसतो आणि घरी परत येतो तो पीठ होऊन. डाळं घेताना मुठीत घेऊन बघा, जाळी किंवा भोक दिसलं तर तो डबाच सोडा.

सोबत फळ न्यायचं तर डाळिंब. त्याच्यावरच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र सोलापुरातच केगावला आहे, आणि आपल्या जिल्ह्याच्या डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे. अख्खंच न्या, साल हाच त्याचा डबा. देठाच्या विरुद्ध बाजूची टोपी कापा, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषेवर सालीला चिरा द्या आणि पाकळ्यांसारखं उकला. आडवं मधोमध कापलं तर निम्मे दाणे फुटतात आणि कपड्यांवर डाग पडतात.

हा सगळा डबा कोरडा आहे, म्हणून पाण्याचा हिशेब वाढवा. थंडीत माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात किमान तीन ते चार. मीठ-जिरं घातलेलं ताक सकाळच्या चुऱ्यासोबत संपवायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे आणि कडक भाकरीचे मोठे तुकडे देऊ नका, ठसका लागून श्वासनलिकेत अडकू शकतात. कुटलेली चटणी दह्यात कालवून द्या. आणि सहलीत बाहेरचं कुणी असेल तर दाण्याची ॲलर्जी आहे का ते निघण्याआधी विचारा, कारण या डब्यातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात दाणा आहे.

खरेदी एकाच फेरीत होते. मधला मारुती, बाळीवेस भागात फिरलात तर चटणी, भाकरी, डाळं, चुरमुरे, गूळ सगळं हाताशी मिळतं. स्टँडवर आणि स्टेशनवर मिळणाऱ्या पुड्या वेळेला उपयोगी, पण तिथं भरल्याची तारीख आणि पिन या दोन गोष्टी जरूर बघा. भाकरी निघायच्या आदल्या दिवशीच घ्या. हुरड्याच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, चटणीला मागणी जास्त असते आणि माल फिरता राहतो, तेव्हा ती सगळ्यात ताजी मिळते. शेतावर हुरडा खायला निघालात तरी हीच चटणी सोबत घ्या, गरम हुरड्यावर ती पसरली की तिचं तेल लगेच सुटतं.

परत आल्यावर उरलेली चटणी पुडीत ठेवू नका. डब्यात ओला चमचा किंवा कांद्याचे हात गेलेले असतात, तेवढा भाग वेगळा काढून दोन दिवसांत संपवा. न उघडलेल्या पुडीतली चटणी काचेच्या कोरड्या बरणीत दाबून भरा, वर रिकामी जागा कमीत कमी राहू द्या, आणि बरणी फडताळात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. मे महिना असेल तर फ्रीजमध्ये.